शर्मिलाने न दिलेली बेल

शर्मिला ओव्हाळ चौथीत माझी विद्यार्थिनी होती. मार्केट यार्डाजवळच्या आमच्या शाळेत बहुतेक मुलं हमालांची आणि भाजीवाल्यांची. प्रश्न विचारला की वर्गातले सगळे हात वर जायचे, उत्तर येवो न येवो. शर्मिलाचा हात उत्तर येत असेल तरच वर जायचा. मुद्दाम उठवलं, तर सरळ उभी राहून म्हणायची, “माहीत नाही, सर.” मान खाली घालायची नाही, नखं कुरतडायची नाही. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनाही तिने हेच उत्तर दिलं. साहेब मला म्हणाले, “मुलगी धीट आहे.” मला तसं वाटत नव्हतं. तिला अंदाजाने बोलायला जमत नसे, एवढंच मी तिच्याबद्दल सांगू शकलो असतो.

तिचे वडील कोंडीराम कांद्या-बटाट्याच्या गाळ्यांवर हमाली करायचे. अंगाने किरकोळ, पण पोत्याखाली गेले की मान ताठ. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न सालानंतर लगेच दीक्षा घेतलेली. घरात एका खोलीत सहा माणसं आणि भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. पालकसभेला येणारे ते आमच्या शाळेतले बहुधा एकमेव हमाल होते. कामातून तासभर उठून, खांद्यावरचा पंचा तसाच ठेवून यायचे आणि मागच्या बाकावर बसायचे. मला एकदा म्हणाले, “सर, माझ्या पोरीला महिन्याचा पगार पाहिजे. रोजचा नको. रोजचा माणूस उद्याला भितो.”

शर्मिला बारावी झाली, कंडक्टरचा बिल्ला काढला आणि शहराच्या बससेवेत बदली कंडक्टर म्हणून लागली. बदली म्हणजे कायमचा कंडक्टर रजेवर गेला की त्याच्या जागी उभं राहायचं. काम मिळालं तर त्या दिवसाचा पगार. म्हणजे पुन्हा रोजचंच. अशी पाच-सहा वर्षं गेली. मग एका वर्षी दिवाळीआधी काही बदली लोकांना कायम करायचं ठरलं, त्यात तिचं नाव होतं. अट एकच, तोवर तक्रार येता कामा नये. एक तक्रार आली की नाव मागे, आणि पुढची संधी केव्हा येईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

त्याच वर्षी गॅसवर चालणाऱ्या नव्या बस आल्या. बुटक्या पायऱ्यांच्या, ऐसपैस, आवाज न करणाऱ्या. गॅसच्या टाक्या मात्र टपावर, वर झाकण घातलेल्या. पुणेकरांनी त्यांचं स्वागत आपल्या पद्धतीने केलं. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ रोज उतरताना ड्रायव्हरला म्हणायचे, “आजही जिवंत पोहोचवलंत, आभारी आहे.” कंडक्टर-ड्रायव्हरांना मात्र नीट शिकवलं होतं. टाकी मजबूत असते, पण तिच्यापासून निघणाऱ्या नळ्या आणि झडपा नाजूक. वरून धक्का बसू द्यायचा नाही. गॅस सुटलाच तर तो हवेपेक्षा हलका, वर जातो. तेव्हा माणसं उतरवायची आणि आसपास ठिणगी पडू द्यायची नाही. शर्मिलाने हे सगळं मला एकदा बसमध्येच सांगितलं होतं, मी मुलीकडे वाकडला जात होतो तेव्हा. कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्या त्या सकाळच्या बसवर तेव्हा तिची बदली लागत असे.

गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशीही मी त्याच बसमध्ये होतो. ज्येष्ठांच्या जागेवर, पुढच्या दाराशी. बाकी बस तरुणांनी भरलेली. गळ्यात ओळखपत्रांच्या पट्ट्या, कानात तारा. आमच्या भागातलं एक मंडळ दरवर्षी रस्त्यावर मोठी कमान उभारतं. रात्रीत सांगाडा उभा राहतो आणि सकाळी त्या रस्त्याने येणारी पहिली बस थांबवतात. चाकाशी नारळ फोडायचा, ड्रायव्हरच्या हातात पेढे ठेवायचे आणि ढोलाच्या गजरात ती बस कमानीखालून न्यायची. बस निघून गेली की कमान पास झाली, असं तिथली माणसं मानतात. लोखंडी सांगाडा मंडळाच्या अध्यक्षाच्या, श्यामच्या, वडिलांनी घडवलेला. ते गेल्यावर तर त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. रंग नवा, दिव्यांच्या माळा नव्या, उंची तीच.

बस थांबली. नारळ फुटला. ड्रायव्हर संपतने पेढा तोंडात टाकला. पाच वर्षं या फेरीची बस त्यानेच कमानीखालून नेली होती; त्याला हा आपला मानच वाटायचा. गिअर टाकून तो बेलची वाट पाहत राहिला. बेल आली नाही.

शर्मिला खाली उतरली होती. पुढे जाऊन कमानीकडे पाहिलं, मागे जाऊन टपाकडे पाहिलं. आदल्या दिवशी याच बसच्या टपाला वाटेतल्या झाडाची एक फांदी घासली होती. जुन्या बसला ती फांदी कधी लागत नसे.

“ओव्हाळबाई, द्या बेल. जाईल हो,” संपत खिडकीतून म्हणाला.

“काका, जुनी जायची. ही जाईल का, मला माहीत नाही.”

“दरवर्षी जाते.”

“दरवर्षी टाक्या नव्हत्या वर.”

श्याम पुढे आला. चाळिशीचा, भरदार, पांढऱ्या सदऱ्यात. माणूस वाईट नाही, पण वडिलांच्या सांगाड्यावर शंका घेतलेली त्याला झोंबली. “काय झालं मॅडम?”

“कमान वर घ्या. मग बस नेते.”

“सांगाडा आहे तो. तो काय स्टूल आहे, वर घ्यायला? संपतराव, काढा गाडी.”

संपतने इंजिन बंद केलं आणि हाताची घडी घातली. “मला कशाला सांगता? चालवतो मी. निघायचं कधी ते या सांगतात. बेल नाही तर गाडी नाही.”

मागे गाड्या तुंबल्या. हॉर्न सुरू झाले. गर्दीतल्या कुणीतरी तिच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. “ओव्हाळ होय. मग बरोबर आहे. आपला गणपती अडवणारच की.”

काही जण हसले. शर्मिलाने त्या माणसाकडे वळून पाहिलं. “मी गणपती नाही अडवला. मी बस अडवलीय. बस माझ्या ताब्यात आहे, म्हणून. यात साठ माणसं आहेत, त्यांतले निम्मे उद्या तुमच्याच आरतीला येणारेत.”

हसणं थांबलं, पण श्यामने मोबाइल काढला. डेपोत त्याची ओळख होती. “तुमची एक कंडक्टर आहे इथे, मुद्दाम रस्ता अडवून बसलीय. सणासुदीला. नाव?” त्याने तिच्याकडे पाहिलं.

“शर्मिला कोंडीराम ओव्हाळ. बिल्ला नंबरही सांगा, नाहीतर भलत्याच कुणावर जाईल.”

तिने नंबर सांगितला. दाराशी बसलेल्या मला तिचे हात दिसत होते. तिकिटाच्या पिशवीचा पट्टा तिने दोन्ही मुठींत आवळून धरला होता. दिवाळी, यादी, कोंडीराम, सगळं तिला त्या क्षणी आठवलं असणार. मी खाली उतरून तिच्याजवळ गेलो. म्हणालो, “शर्मिला, नक्की?”

“नक्की नाही ना, सर. तेच तर.”

आमोद नावाचा एक मुलगा बसमधून उतरून मोबाइलने फोटो काढत होता. “मॅडम, मला क्लिअरन्स वाटतोय. पण खालून अँगल फसवतो. आय कान्ट से.” मंडळाचा एक जण म्हणाला, मी टपावर चढून बघतो. शर्मिला त्याच्या आडवी उभी राहिली. “टपावर कुणी चढायचं नाही. नळीवर पाय पडला तर? आणि वर त्या माळा बघा, सगळ्या पेटलेल्या.”

ढोल मात्र चालूच होता. कुणी थांबवायला सांगितलंच नव्हतं. शर्मिला ढोलवाल्यांकडे गेली. “भाऊ, दोन मिनिटं थांबवा. मला विचार करता येत नाहीये.”

ढोल थांबला, आणि तेव्हा सगळ्यांना वरचा आवाज ऐकू आला.

“आरं बहिऱ्यांनो, कवाधरनं वरडतीया म्या.”

कमानीला लागून असलेल्या घराच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत श्यामची आई, सोजरबाई, उभ्या होत्या. गॅलरी बरोबर बसच्या टपाच्या उंचीला.

“आई, तू आत जा बरं,” श्याम म्हणाला.

“जाते की. आधी ऐक. तुझ्या बानं ह्या सांगाड्याचं माप घेतलं तवा म्या हितंच उभी व्हते. तवाच्या गाडीच्या डोस्क्यावर काय बी नव्हतं. हिच्या डोस्क्यावर पेटी हाय. अन् पेटी तुझ्या कमानीच्या आडदांडीला थटतीया.”

“तुला तिथून काय दिसतंय?”

“तुला तिथनं दिसतंय ना सगळं? मग मला कशाला इचारतो? वर ये अन् बघ.”

श्याम वर गेला. आम्ही सगळे मान वर करून उभे. तो गॅलरीत आला, आईच्या शेजारी वाकला, एकदा इकडून, एकदा तिकडून पाहिलं. मग खाली न बघताच म्हणाला, “लागतंय.”

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, “नळीलाच लागतंय.”

शर्मिलाने मूठ सोडली आणि पिशवी खांद्यावर नीट केली. “आधी माळा बंद करा,” ती म्हणाली.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. बस मागे घेतली. फुटपाथचे सिमेंटचे ठोकळे पुण्यात कुठेही, केव्हाही पडलेले सापडतात. पोरांनी ते आणले. आमोद आणि त्याचे सोबती ओळखपत्रं शर्टात खुपसून सांगाड्याच्या एका पायाला भिडले, मंडळाची पोरं दुसऱ्या पायाला. मघाशी नावाची पट्टी वाचणारा गृहस्थही त्यांच्यात होता, शर्मिलानेच त्याला सांगितलं, “दादा, तुम्ही त्या कोपऱ्याला धरा, तिकडे माणूस कमी आहे.” त्याने मुकाट्याने धरलं. ढोलवाल्याने ठेका दिला. प्रत्येक ठेक्याला सांगाडा बोटभर उचलायचा आणि खाली ठोकळा सरकवायचा. वरून सोजरबाई आणि श्याम, दोघं एकाच वेळी दोन वेगळ्या सूचना देत होते, आणि पोरं आईचं ऐकत होती.

“आता जातीया,” सोजरबाई म्हणाल्या.

शर्मिलाने तरी श्यामकडे पाहिलं. त्याने मान हलवली. तेव्हा ती बसमध्ये चढली आणि तिने डबल बेल दिली. बस कमानीखालून संथपणे गेली. टप आणि आडदांडी यांच्यात आता हात जाईल एवढी जागा होती. मागे ढोल असा सुटला की बसच्या काचा थरथरल्या, आणि बसमधली सगळी तरुण मंडळी उभी राहून टाळ्या वाजवू लागली. शर्मिला म्हणाली, “बसा. अजून कुणीच तिकीट काढलेलं नाही.”

तक्रार मात्र गेलेली होती. दुपारी तिला डेपोत बोलावलं. पुढचं मला संपतने सांगितलं, कारण तो साक्षीला होता. ती आत गेली तर डेपोच्या साहेबांसमोर श्याम आधीच उभा.

“मी सकाळी तक्रार केली होती,” श्याम म्हणाला. “ती मागे घ्यायची आहे.”

“तक्रार तोंडी होती,” साहेब म्हणाले. “तोंडानेच परत घ्या. इथे सगळ्यांना ऐकू जाईल अशी.”

श्यामने घेतली. वर म्हणाला, “आणि एक. या बाईंनी आमचं ऐकलं असतं, तर आज आमच्या दारात काय झालं असतं, ते मला बोलवत नाही.”

साहेबांनी शर्मिलाला विचारलं, “किती लागत होती कमान?”

“माहीत नाही, साहेब.”

“मग थांबवलीत कशाच्या जोरावर?”

“माहीत नव्हतं म्हणून.”

साहेबांनी कोरा कागद पुढे ओढला, असं संपत सांगतो. त्याच संध्याकाळी डेपोतून हुकूम निघाला. गॅसची बस कमानीपाशी आली की कंडक्टरने उतरायचं, आणि उंचीची खात्री झाल्याशिवाय बेल द्यायची नाही. त्या आठवड्यात आमच्या भागातल्या आणखी दोन-तीन मंडळांनी आपापल्या कमानी उचलल्या. आपण होऊन, कुणी न सांगता.

दिवाळीच्या आधी शर्मिला कायम झाली. कात्रजहून कोथरूडला येणारी बस तिला स्वतःची म्हणून मिळाली. बातमी मार्केट यार्डात पोहोचली तेव्हा कोंडीराम पोत्याखाली होते. पोतं ट्रकपर्यंत नेऊन त्यांनी व्यवस्थित रचलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा भर दुपारी काम सोडून घरी गेले. हातपाय धुतले, शर्मिलाच्या आईने, कांताबाईंनी, काढून दिलेला पांढरा सदरा घातला आणि स्वारगेटच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले.

तिची बस आल्यावर त्यांनी हात केला. ती दाराशीच होती.

“आबा, तुम्ही? कुठे निघालात?”

“शेवटपर्यंत,” कोंडीराम म्हणाले आणि चढले.

खिडकीशी जागा मिळाली. शेजारच्या अनोळखी माणसाने काही विचारलं नव्हतं, तरी ते त्याला सांगू लागले. आवाज हमालीच्या वेळचाच, चार गाळ्यांपलीकडे जाणारा. “ती कंडक्टर दिसतीय ना? माझी मुलगी. पर्मनंट हाय.” तो माणूस पुढच्याच थांब्यावर उतरून गेला, तर त्याच्या जागी आलेल्या बाईंना त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

गर्दीतून तिकिटं फाडत शर्मिला तिथवर आली. “आबा, जरा सरकून बसा, बाईंना जागा द्या,” ती म्हणाली, आणि त्या बाईंकडे बघून, “हो, खरं सांगतायत ते.”