चिकाची किटली

आज सकाळी संगमनेरला माहेरी आमची गाय व्याली, आणि मी पहिला फोन लावला तो थेट हॉलंडला, एका म्हातारीला. "बेबी, टुडे," एवढंच म्हणाले. ती खोकला येईपर्यंत हसली. का हसली ते सांगते.

लेकीच्या वेळी आम्ही तिच्या गावात राहत होतो. आई बाळंतपणाला यायची होती, तर तिचा व्हिसाच झाला नाही. मला सातवा लागला तरी पोटात अन्न ठरेना. असंच चाललं तर ॲडमिट व्हावं लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणि माझ्या जिभेला ध्यास एकच, खरवसाचा. फोनवर आई म्हणाली, "अगं, तिथं गाई हायेत न्हवं? मग बघ की कुठं व्यालीय का. खरवस ठरंल बघ पोटात."

गाई समोरच होत्या. गोठ्याची मालकीण ही म्हातारी, उंच, पायात रबरी बूट, ओळखदेख काही नाही. एका सकाळी खिडकीतून तिथं ओलं वासरू दिसलं आणि मी घरातल्या चपलांवरच पळत सुटले. इंग्रजी माझं बेताचं, तिचं त्याहून. चिकाला इंग्रजीत काय म्हणतात, देव जाणे. मी वासराकडं बोट केलं, पोटावर हात ठेवला आणि धापा टाकत म्हणाले, "बेबी. मिल्क. टुडे."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. बादली टाकून तिनं मला दंडाला धरलं, गाडीत बसवलं आणि गाडी सुरूच केली. मी "नो, नो, काऊ" म्हणतेय, ती माझा हात थोपटतेय. शेवटी मी हवेतच धार काढून दाखवली आणि बोटं चाटली. तेव्हा कुठं तिला उमगलं. गाडी थांबवून स्टिअरिंगवर डोकं टेकून हसली बाई.

वासराला पाजून झाल्यावर तिनं मला किटलीभर चीक दिला. तो पिवळाधमक, घट्ट चीक बघून मला रडूच फुटलं. गूळ नव्हता, साखरेवर भागवलं. वाडगाभर खरवस खाल्ला आणि ठरला की पोटात. लई आनंद झाला मला.

आमच्याकडं चिकाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मी किटलीत मूठभर साखर घालून दिली. तिला काय कळलं कोण जाणे, पण दोन दिवसांनी किटली माझ्या दारात, आत अंडी. मग मी चकल्या दिल्या, तिनं सूप पाठवलं. किटली अशी रस्ता ओलांडत राहिली आणि मी जेवायला लागले. फोनवर आईला तिच्या गोष्टी सांगायचे, 'चीकवाली' म्हणून.

नववा भरला. भरदुपारी कळा सुरू झाल्या, नवरा शहरात ऑफिसला. दाराची चौकट धरून ओरडले, "बेबी, टुडे."

ती गोठ्यातून बाहेर आली आणि लांबूनच विचारलं, "काऊ?"

"मी," माझ्या तोंडून निघालं. नशीब, हा शब्द इंग्रजीतही चालतो.

दवाखान्यात आईचा फोन आला. "कोन हाय गं तुझ्याजवळ?"

म्हातारीनं माझा हात दोन्ही हातांत धरला होता, बूट शेणानं भरलेले तसेच.

"चीकवाली हाय," मी म्हणाले.

आई म्हणाली, "मग मी हाय म्हन की तिथं."