पाणपोईवरचा निळा दिवा

जंतू मारायच्या दिव्यापुढं मी खिडकीची काच लावली. हे काम मी सांगलीत, मोटारस्टँडजवळ, सासरच्या माणसांदेखत, हातात पकड घेऊन आणि तोंडानं शीळ घालत केलं. कुणी विचारलं तर थांबून समजावूनही सांगत होतो.

लढाई नुकतीच संपली होती. मी लष्करी इस्पितळाच्या वीजखात्यातून सुटून साताऱ्याला परत आलो होतो. वीजखात्यात म्हणजे साहेब तारा जोडत आणि मी शिडी धरत असे. पण लग्न ठरताना शिडीचा विषय कोण काढतो? सासरकडच्यांची समजूत अशी झाली की, इस्पितळातली वीज माझ्या हुकमानं चालत होती. मीही ती समजूत दुखावली नाही.

सासरे सांगलीत हळदीचे अडते. त्यांच्या दुकानाला लागून उन्हाळाभर त्यांची पाणपोई चालायची. त्यांच्या आईनं सुरू केलेली. म्हातारी स्वतः ओगराळ्यानं पाणी वाढायची म्हणे. ती गेल्यावर सासऱ्यांनी एकाही उन्हाळ्यात खाडा पडू दिला नव्हता. त्या वर्षी मात्र गावात पटकीची धास्ती होती. आरोग्यखात्याचे डॉक्टर येऊन सांगून गेले की, रांजणात लाल औषध टाका, नाहीतर पाणपोई बंद करा.

औषध टाकलं. पाणी गुलाबी झालं. शिराळ्याकडून आलेल्या एका म्हाताऱ्यानं ओंजळ तोंडाशी नेली आणि तशीच धरून तो सासऱ्यांना म्हणाला, "आवं शेठ, ह्यानं आमी बैलाचं खूर धुतो."

त्यानं ओंजळ सोडून दिली. मागं उभे होते तेही पांगले. दोन-तीन दिवसांत पाणपोईवर माशीसुद्धा फिरकेना. सासरे दुकानाच्या पायरीवर बसून भरलेल्या रांजणांकडं बघत. दुपारचं ताट तसंच परत जाई. "आईनं घातलेली पाणपोई माझ्या हातनं बुडाली," एवढं एकच वाक्य ते बोलत.

मी तेव्हा नेमका सासुरवाडीला होतो. जावई गप्प बसला असता तर हे सगळं घडलंच नसतं.

"मामा," मी म्हणालो, "औषध कशाला? इस्पितळात आम्ही दिव्यानं जंतू मारत होतो."

'आम्ही' हा शब्द फार सोयीचा. त्यात शिडी धरणाराही बसतो.

"दिव्यानं?" सासऱ्यांनी मान वर केली.

"त्याचा किरण डोळ्याला दिसत नाही. पण पाण्यावर पडला की जंतू खलास. वास नाही, रंग नाही."

दुकानाला जोडूनच घर; सासूबाई ओसरीच्या दारामागं उभ्या होत्या. त्या माझ्याशी थेट बोलत नसत. जावयाशी तोंडावर बोलायची त्यांच्यात रीत नव्हती. काही सांगायचं झालं की त्या ओसरीवरच्या खांबाला सांगत, आणि मी खांबाच्या अलीकडं बसून ऐकत असे. त्या खांबाला म्हणाल्या, "दिसत न्हाई त्यो किरण ह्यास्नी कसा दिसला?"

त्या ते खांबालाच बोलल्या, असं मी धरून चाललो.

लष्कराचा जुना माल तेव्हा पुण्यात लिलावानं निघत होता. तिथं मला हवा तसला दिवा मिळाला. कराडला मोटार बदलताना मी तो मांडीवर घेऊन बसलो होतो, नव्या बाळासारखा. शेजारच्या बाईनं वरचं फडकं सरकवून आत डोकावलं आणि निराश होऊन तोंड फिरवलं.

आता मांडणी. पाणी उथळ असेल तरच किरण तळाशी पोचतो, एवढं मला इस्पितळातलं आठवत होतं. म्हणून रांजणातलं पाणी बारीक धारेनं एका पसरट परातीत यायचं, परातीतून ते नळीवाटे झाकणाच्या टाकीत जायचं आणि टाकीला पितळी तोटी. परातीच्या वर पत्र्याच्या टोपणात बसवलेला दिवा. दुसऱ्या दिवसाचं पाणी आदल्या संध्याकाळी भरून ठेवायचा रिवाज होता, तेव्हा दिवाही संध्याकाळीच लावायचा ठरला. डॉक्टरांना सांगून आलो. ते चांगले गृहस्थ. म्हणाले, "बघू या. आठ दिवसांनी पाण्याची बाटली तपासायला नेतो. पाणी स्वच्छ निघालं तर लाल औषधाची सक्ती नाही."

पहिल्या संध्याकाळी दिवा लावला. निळाजांभळा उजेड परातीत उतरला, वीज कडाडून गेल्यावर येतो तसा वास सुटला. बाजारची गर्दी थबकली. आणि मग जे व्हायचं तेच झालं. तिन्हीसांजेला दिवा लागला की आपल्याकडं हात आपोआप जुळतात. तो देवापुढचा असो, दुकानातला असो, नाहीतर मोटारीचा असो. बायांनी पदर सावरला, पुरुषांनी टोप्या नीट केल्या आणि सगळ्यांनी त्या दिव्याकडं डोळे भरून पाहत नमस्कार केला. सासरे तर बराच वेळ हात जोडून उभे होते. त्यांना आई आठवली असावी. मी दिव्याला अगदी खेटून उभा राहून सगळ्यांना माहिती देत होतो.

सकाळी कुणाचे डोळे उघडेनात. पापण्यांखाली वाळू भरल्यासारखं टोचत होतं. ओसरीवर सासरे, मी आणि पाणपोईवरचा पाणक्या असे तिघं ओळीनं आडवे, डोळ्यांवर गुलाबपाण्याच्या घड्या. बाजारातनं कुणाकुणाचे निरोप येत होते की आमच्याही घरात असंच झालंय. सासूबाई सासऱ्यांच्या डोळ्यांवरची घडी बदलता बदलता खांबाला म्हणाल्या, "जंतू मारायचं हुतं का गिऱ्हाईक?"

दिवसभरात डोळे निवळले, पण लोकांनी दिव्याकडं बघायचं थांबवलं पाहिजे हे कळलं. मी पाटी रंगवली: 'दिव्याकडे पाहू नये, नमस्कार करू नये.' ज्याला वाचता येई तो मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे. "कुठल्या दिव्याकडं रं?" म्हणून सगळे वळून बघायचे. एवढं बजावलंय म्हणजे कडक देवस्थान दिसतंय, असं वाटून दोघंतिघं लवून नमस्कार करायचे.

तेव्हा मला ती काच सुचली. दुकानाच्या खिडकीचं एक तावदान काढलं आणि दिव्याच्या खाली, टोपणाच्या तोंडावर घट्ट बसवलं. उजेड तसाच निळा पडत होता. दुसऱ्या दिवशी एकाचाही डोळा लाल नाही. त्यानंतरही नाही. लोक आरामात नमस्कार करू लागले. एका आजीनं काचेला हळदकुंकू लावलं. तोटीपुढं रांग लागली, सासऱ्यांचं ताट रिकामं होऊ लागलं. "जावईबापूंनी पाणपोई राखली," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मी नको नको म्हणत जवळच उभा राही.

आठवड्यानं डॉक्टर बाटली भरून घेऊन गेले आणि निकाल घेऊन आले.

"जंतू आहेत," ते म्हणाले. "चांगले खातेपिते आहेत."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. मी म्हणालो, "अहो पण साहेब, दिवा रोज लागतो."

डॉक्टर वाकून दिव्याखाली बघू लागले. "ही काच कसली?"

"खिडकीची. माझीच कल्पना," मी सांगितलं. "ही लावल्यापासून कुणाच्या डोळ्याला काडीचा त्रास नाही."

"नाहीच होणार," डॉक्टर म्हणाले. "जो किरण डोळे पोळतो तोच जंतू मारतो. साध्या काचेतून तो पलीकडं जात नाही. म्हणून तर ह्या दिव्याची नळी मुद्दाम गारेच्या, म्हणजे गारगोटी वितळवून केलेल्या काचेची असते."

इस्पितळात साहेब मला बजावत असत की, ह्या नळीला साधी काच चालत नाही. ती महाग असते म्हणून सांगतात, असं मी धरून चाललो होतो.

"मग हा निळा उजेड?" सासऱ्यांनी विचारलं.

"तो नुसता बघायला."

डॉक्टर निघाले. सासऱ्यांनी त्यांना पायरीवर गाठलं. अडतीच्या धंद्यातला माणूस, त्यांचा आवाज मी असा मऊ कधी ऐकला नव्हता. "साहेब, एक डाव आनखी बघा. न्हाई जमलं तर मी माझ्या हातानं रांजण पालथं घालतो." डॉक्टरांनी पुढच्या बाटलीपर्यंत मुदत दिली. तोवर लाल औषध.

काच सासऱ्यांनी स्वतः काढली, हळदकुंकू पुसलं आणि परत खिडकीला बसवली. मी पायरीवर बसून विचार करू लागलो. काच ठेवली तर जंतू जगतात, काढली तर गाव आंधळं होतं.

दारामागून सासूबाई खांबाला म्हणाल्या, "दुभत्याला कपाट आसतंय. दिव्याला का नसावं?"

पुढचं सोपं होतं. ज्यात रॉकेलचे डबे येतात तसलं लाकडी खोकं घेतलं, आतून पत्रा मारला आणि परात, दिवा दोन्ही आत बंद केली. फटीतूनसुद्धा उजेड दिसत नव्हता. पण पाणपोईपुढं अंधार पडला, तेव्हा लोकांच्या हातांची पंचाईत झाली. सासूबाईंनी खोक्यावर तेलाची समई ठेवली. जोडायचे हात समईला जुळू लागले, आणि आत जंतूंचं जे व्हायचं ते होऊ लागलं.

पुढची बाटली स्वच्छ निघाली. डॉक्टर स्वतः तोटीखाली ओंजळ धरून पाणी प्यायले. सासऱ्यांनी आईचं जुनं ओगराळं काढून आणलं, धुतलं आणि तोटीशेजारी टांगलं. त्या दिवशी त्यांनी पायरीवर बसूनच दोनदा भात मागून घेतला.

जेवणं झाल्यावर मला राहवेना. मी म्हणालो, "मामा, आता ह्याच किरणानं हळदीची कीड मारता येईल. आम्ही इस्पितळात..."

सासूबाई दारामागून बाहेर आल्या. खांबाला वळसा घालून, डोक्यावरचा पदर सावरत, पहिल्यांदाच माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "दिव्याला खोकं झालं. आता तुमच्या तोंडालाबी एक बघा."