लेमिंग्टनचं लवंगेचं तेल

मे महिन्यात कॅनडातल्या पॉइंट पिली पार्कला पक्षी बघायला जायचं, हे मी दोन वर्षं घोकत होते. शेजारच्या लेमिंग्टनला माझी मावसबहीण काकडीच्या ग्रीनहाउसमध्ये कामाला लागली आणि राहायची सोय झाली. तिला इथे मी सबिना म्हणते, खरं नाव देत नाही. शनिवारी सकाळी ओकव्हिलहून निघाले. हायवे ४०३, मग ४०१. साडेतीन तासांचा रस्ता, चॅटहॅमच्या आसपास नुसत्या पवनचक्क्या. पेट्रोल आधीच भरून घ्या.

सबिनाने दार उघडलं ते डाव्या डोळ्यावर ओला रुमाल धरून. आदल्या दिवशी फवारणीचं मिश्रण करताना थेंब उडाला होता. काकडीवर फुलकिडे पडले होते आणि त्यांच्यावर तिथे लवंगेचं तेल मारतात. तिने फोनवर हे सांगितलं होतं तेव्हा मलाच कौतुक वाटलं होतं. विष नाही, आपल्या मसाल्याच्या डब्यातली लवंग! सुपरवायझरनेही तिला नॅचरल आहे म्हणूनच सांगितलं होतं. गॉगल दिलाच नव्हता. कॅनमधलं तेल पाणी घालण्याआधी जाळणारं असतं, हे कुणी बोललं नव्हतं.

डोळा लालभडक, सुजलेला. सोमवारपर्यंत उतरेल, असं ती म्हणत होती. मी तिला गाडीत बसवलं.

हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत चार तास गेले. नंबर यायच्या आधी तिने माझा हात धरला. "ताई, घरी स्वयंपाक करताना तेल उडालं असं सांगूया. माझं कामाचं परमिट त्याच मालकाच्या नावावर आहे, त्याने काढलं तर दुसरीकडे काम करता येणार नाही."

डॉक्टरने विचारलं तेव्हा ती तसंच बोलली आणि मी मान हलवली. बुबुळावरच्या पडद्याला जखम झाली होती. डाग राहील, नजर किती परत येईल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाला.

रविवारी पार्कला एकटीच गेले, तिनेच हट्टाने पाठवलं. पास ऑनलाइन काढा. पार्कच्या टोकाकडे शटल बस जाते. पिवळे वॉर्बलर पक्षी हाताच्या अंतरावर उडत होते. मी दुर्बीण बाहेर काढलीच नाही. परतताना तिच्यासाठी तळलेला पर्च मासा घेतला. खाताना तिचा काटा-चमचा दोनदा ताटाबाहेर टेकला.

परत येऊन तीन आठवडे झाले. सबिनाला त्या डोळ्याने अजून धुरकटच दिसतं. तिला पॅकिंगला हलवलंय. फुलकिडे आठवड्यात परत आले, म्हणून फवारणी वाढवलीय, आणि मिश्रण करायला दुसरी मुलगी ठेवलीय. तिला तरी गॉगल दिलाय का, मी काल फोनवर विचारलं. "नाही," सबिना म्हणाली.

मग म्हणाली, "ताई, नाव न देता तक्रार करता येते का, बघ. तशी नाहीच करता आली, तर माझं नाव घाल."