तेहतीस फूट

भाऊराव तायडे चालताना उजव्या पायाने लंगडतात, सायकलवर बसले की लंगडत नाहीत. हे त्यांचं स्वतःचं म्हणणं आहे आणि ते खरं आहे, मी मागून पाहिलंय. मागूनच, कारण सदुसष्टाव्या वर्षीही चढावर ते माझ्या पुढे असतात आणि मी आठ वर्षांनी लहान असून धापा टाकत असतो.

मी हिवरदरीच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. नकाशावर तुटक रेषांची जोडी दिसली की तो कच्चा रस्ता, हे हजारभर पोरांकडून पाठ करून घेतलं. पण आमच्याच गावाच्या नकाशावर तशा किती रेषा आहेत आणि त्या जमिनीवर कुठे गेल्या, हे मला निवृत्त झाल्यावर एका मैलमजुराने शिकवलं. लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही.

हा मैलमजूर म्हणजे भाऊराव. बांधकाम खात्यात तीस वर्षं त्यांनी डांबरी रस्त्याचे खड्डे बुजवले, कडेची झुडपं तोडली, उन्हात झाडांच्या बुंध्यांना चुना लावला. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना त्याच रस्त्याच्या कडेने घरी येत होते, तर एका टिप्परने मागून उडवलं. टिप्पर थांबला नाही. पाय दीड इंच आखूड झाला आणि सायकलीचं नुसतं लोखंड उरलं. त्यातला एक वाकलेला पायडल त्यांनी घरात खिळ्याला टांगून ठेवला. त्यानंतर त्यांनी जाहीर केलं की ज्या रस्त्याची जन्मभर चाकरी केली, त्यावर आता आपलं चाक चालणार नाही. गाव हसलं. डांबरी टाळून हा बुवा जाणार कुठे?

तर शीव रस्त्याने. दोन गावांच्या सीमेवरून जाणारा, बैलगाडीचा जुना रस्ता. तो कोणत्याच गावात शिरत नाही, म्हणून त्यावर ना टिप्पर येतो ना काळीपिवळी. भाऊरावांनी नवी सायकल घेतली, मागच्या चाकाच्या आरीला लाल चिंधी बांधली आणि चाकाचे फेरे मोजत एकेक शीव जोडत गेले. या खडकापासून त्या निंबापर्यंत किती फेरे, ते शाळेच्या वहीत लिहीत गेले. दोन हिवाळे असे गेले आणि बासष्ट किलोमीटरचं एक कडं तयार झालं. अकरा गावांच्या शिवा, तीनदा नळगंगा, वर अजिंठ्याच्या डोंगराची सोंड, खाली तुरीची पिवळी फुलं, मधूनच वाट अडवून उभा राहिलेला रोही, म्हणजे नीलगाय. डांबरी फक्त दोन ठिकाणी आडवी येते, आणि तिथे भाऊराव सायकल हातात धरून, खाली मान घालून, परक्याच्या अंगणातून जावं तसे पलीकडे जातात.

त्यांची नात मयुरी बुलढाण्याला नर्सिंग शिकते. तिने तो रस्ता मोबाइलच्या नकाशावर चढवला आणि पुण्या-नाशिकचे सायकलवाले यायला लागले. दिवाळीपासून होळीपर्यंत. बौद्धवाड्यात भाऊरावांच्या ओट्यावर त्यांची बायको जनकाबाई त्यांना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत वाढायची. एका पुण्याच्या बाईने मला विचारलं, इतका सुंदर रस्ता तुम्ही लपवून का ठेवला होता? मी, भूगोलाच्या मास्तराने, भाऊरावांकडे बोट दाखवलं.

मग माझ्या चुलत भावाने तो रस्ता गिळला.

कडूबा माझा सख्खा चुलत भाऊ. हिवरदरी आणि जांभूळखेड यांच्या शिवेला, नदीकाठाने, त्याचं वावर आहे. एक पावसाळा उलटला आणि पाहतो तर त्या शिवेवरच्या तीन किलोमीटर रस्त्यापैकी अर्धा त्याच्या रोटाव्हेटरखाली गेलेला. त्यावर हरभरा, दोन्ही टोकांना तारेचं कुंपण. शिवेचा दगड उपटून त्याने पार नदीच्या धडीवर, अगदी काठाला नेऊन पुरला होता. म्हणजे शीव तिकडे, इकडे सगळं त्याचं आणि रस्ता नदीत. बांध कोरणारे आमच्या खानदानात पुष्कळ झाले, पण अख्खी शीव उचलणारा हा पहिलाच.

तेवढा तुकडा गेला की कडं तुटतं. मग सायकली पाच किलोमीटर हायवेने न्याव्या लागतात, जिथे रेतीचे टिप्पर धावतात तिथून. भाऊरावांनी सांगून टाकलं की तिथून ते एकालाही नेणार नाहीत, त्यापेक्षा सगळंच बंद. नाताळच्या सुट्टीत तेवीस जणांचा गट यायचा होता. त्यांना अजून होय कळवलं नव्हतं, नाही कळवलं नव्हतं. भाऊराव तहसीलला अर्ज देत होते, एकानंतर एक, तीन दिले. शेवटी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मंडळ अधिकारी बाई स्थळ पाहणीला येणार म्हणून निरोप आला.

आदल्या संध्याकाळी कडूबाने मला बोलावून घेतलं. पाहणीच्या दोन पंचांत मी एक होतो, आणि मी त्याच्याच बाजूने सही करणार, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. माझ्याच तोंडून भाऊरावांना निरोप पाठवला की कुंपणाच्या कडेने सायकलीपुरती वाट सोडतो, अर्ज मागे घ्या. मला तो निरोप बरा वाटला, खोटं कशाला बोलू. बाईंनी आधीच फोनवर सांगितलं होतं की मोजणीची तारीख सहा महिन्यांनी मिळेल, उद्या फक्त पंचनामा होईल, आणि जमिनीवर रस्त्याची खूण सापडली नाही तर ‘रस्ता आढळून येत नाही’ असंच लिहावं लागेल. एकदा तसं लिहिलं की तो कागद खोडायला भाऊरावांचं उरलेलं आयुष्य पुरलं नसतं.

भाऊराव ओट्यावर चाकाला वंगण देत होते. मी निरोप सांगितला. म्हटलं, सायकलीला लागते किती जागा, वीतभर.

"मले वीत पुरते मास्तर," ते म्हणाले. "रस्त्याले नाई पुरत. रस्ता तेहतीस फुटाचा हाय."

मी म्हटलं, उद्या खूण सापडली नाही तर वीतही जाईल. त्यांनी चाक फिरवून पाहिलं आणि मग जे सांगितलं ते मी पन्नास वर्षं त्या गावात राहून ऐकलं नव्हतं. त्यांच्या आजाला गावातल्या गल्लीतून जायची मुभा नव्हती. गावाला वळसा घालून याच वाटेने जावं लागायचं, पाणी आणायला, मयत न्यायला. आणि शीव सांभाळणंही त्याच आजाचं वतनाचं काम. दगड हलला, वाद झाला, की दोन्ही गावं त्याच्या तोंडाकडे पाहायची. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर भाऊरावांच्या वडिलांनी गावकीची सगळी कामं सोडली. पुढे एका पुराने शिवेचा दगड वाहून गेला, तो बसवायची जागा कोणालाच सापडेना, तेव्हा कडूबाचा बाप त्यांना बोलवायला आला. वडील म्हणाले, जागा दाखवतो, पण भाकर मागायला येणार नाही, चहा तुमच्या घरात बसून कपाने पिईन. आणि प्यायले. तेव्हा आठ वर्षांचे भाऊराव डोक्यावर टोपलं घेऊन बरोबर होते.

"गावातून जाऊ देत नव्हते, तवा हे वाट देल्ली," भाऊराव म्हणाले. "आता हेबी वीतभर करून राह्यले. तुमच्या भावाले सांगा, मी मांगत नाई. मोजून घेतो."

मी घरी गेलो. कडूबाला एवढंच सांगितलं, नाही म्हणाले.

सकाळी बाई आल्या, बरोबर कोतवाल, आम्ही दोन पंच, निम्मं गाव. कडूबाने धडीवरचा दगड दाखवला. दगड जुना होता, सरकारी होता, त्यावर खुणा होत्या. बाईंनी सभोवार पाहिलं, हिरवागार हरभरा, रस्त्याचं नाव नाही. त्यांनी भाऊरावांना विचारलं, तुमची काही खूण?

भाऊरावांनी कुदळ मागितली. म्हणाले, दगड कोणीही हलवतो, दगडाखालचं कोणी हलवत नाही. जुने लोक शिवेचा दगड बसवताना खाली कोळसा पुरायचे, कारण कोळसा कुजत नाही. त्याखाली फुटक्या जात्याचा तुकडा. रोटाव्हेटर वीतभर जातो, कोळसा दोन हात खाली असतो. कडूबाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आमच्या घराने तो दगड पिढ्यान्‌पिढ्या पाहिला होता, पण खड्डा कधी खणला नव्हता. खणणारे दुसरे होते. खाली काय आहे ते आम्हाला कुठून माहीत असणार?

नदीच्या काठावर खाच पाडलेला एक खडक आहे. त्याला पाठ लावायची, डोंगरातल्या खिंडीकडे तोंड करायचं आणि नव्वद पावलं चालायचं, असं वडिलांनी शिकवलेलं. भाऊराव चालले. मोठ्याने मोजत, हरभऱ्यातून, लंगडत. नव्वदाव्या पावलावर कोतवालाने खणलं. दोन हात, अडीच हात. काळी माती, अजून काळी माती.

कडूबा हसला. गर्दीतून अजून कोणीतरी हसलं. बाईंनी पेन उघडलं. भाऊराव खड्ड्यात पाहत उभे होते आणि मी पहिल्यांदा त्यांना म्हातारं दिसताना पाहिलं. पुढच्या पाच मिनिटांत मला त्या कागदावर सही करायची होती.

तेव्हा जनकाबाई पुढे आली. आयुष्यभर रस्त्यावर काम करणाऱ्या माणसाची बायको, गर्दीला ती भीत नाही.

"पायाचं काऊन आयकून राह्यले तुमी?" ती नवऱ्याला म्हणाली. "पाय टिप्परनं खाल्ला. वही काढा न."

झालं होतं ते साधं होतं. पावलं बापाची होती आणि पाय आखूड झालेला. सायकलीवर एवढा भरवसा ठेवणारा माणूस ऐन वेळी पायाच्या भरवशावर गेला होता. वही निघाली. रस्ता नांगरला जायच्या आधीच्या हिवाळ्यातलं पान: खाचेचा खडक ते शिवेचा दगड, एकतीस फेरे. भाऊरावांनी सायकल खडकाला लावली, चिंधी खाली घेतली आणि खिंडीकडे पाहत ढकलत निघाले. कडूबा पिकाच्या नावाने ओरडला. बाई म्हणाल्या, जाऊ द्या त्यांना. या वेळी मोजणी मी केली, मोठ्याने, शाळेत पाढे म्हणवून घ्यायचो त्या आवाजात. एकतीस म्हटलं तिथे चाक थांबलं. पहिल्या खड्ड्यापासून चांगली बारा पावलं पुढे.

दोन हातांवर कुदळीचा आवाज बदलला. कोतवालाने मूठभर माती वर काढली, त्यात कोळसा होता. आणखी खाली जात्याचा अर्धा तुकडा. जनकाबाईने तो पदराने पुसला आणि बाईंच्या कागदावर ठेवला.

मी पंचनाम्यावर सही केली. कडूबा माझ्याकडे पाहत होता. "रक्ताचा हायेस बे तू," एवढंच तो म्हणाला. तेव्हापासून आमच्या भाऊबंदकीत माझ्याशी कोणी धड बोलत नाही. मलाही फारसं अडत नाही.

दहा दिवसांत तहसीलचा आदेश आला. दगडापासून दोन्ही अंगांना साडेसोळा फूट, कुंपण काढा. दगड परत आणायला कडूबाचाच ट्रॅक्टर लागला. तो मागे हात बांधून उभा राहिला. भाऊरावांनी जात्याचा तुकडा खाली ठेवला, त्यावर कोळसा, आणि मग पिशवीतून तो वाकलेला पायडल काढून वर ठेवला. कडूबाला राहवलं नाही. हे लोखंड कशाला, म्हणाला.

"पुढं कोनी दगड हलवला तं कोनी खननच," भाऊराव म्हणाले. "त्याले आज्याचं जातं भेटन, अन् माहं हे. हा रस्ता दोनदा मोजून घेतला, त्याले समजलं पायजे."

रस्त्यातल्या हरभऱ्याचं काय, हा प्रश्न कडूबाच्या बायकोने, शालूबाईने सोडवला. माती होण्यापेक्षा भाजी बरी, म्हणून तिने बायकांना बोलावून पाला खुडायला लावला. त्यात जनकाबाईही होती. दोघी काय बोलल्या मला माहीत नाही, पण तेवीस जणांच्या पंगतीला हरभऱ्याची भाजी होती.

तो गट आला तेव्हा मी नेहमीसारखा शेवटी होतो. खाचेच्या खडकापाशी भाऊरावांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. शहरातली माणसं ती, ट्रकच्या भीतीने कडेकडेने चालवायची सवय. इथेही एकामागे एक, मुंग्यांसारखी रांग लावून उभी होती. भाऊराव जन्मभर रस्त्याच्या कडेला उभे राहिले होते. त्यांनी सायकल बरोबर मधोमध, दगडासमोर घेतली आणि मागे वळून सगळ्यांना सांगितलं.

"रांग नका लावू. पसरा. तेहतीस फूट हाय."