म्हस्कू पंखा मारतो

कासुर्डीच्या शिवारात जालिंदरआप्पांचं विमान आहे, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. पहिली दोन वर्षं वाटलं. मग लोकांनी ते आप्पांच्या कांद्याच्या चाळीसारखं धरलं: आहे तिथं, मोठं आहे, आपल्याला काय करायचंय. नवल उरलं ते एकट्या म्हस्कूला, आणि त्याला ते एकतीस वर्षं रोज सकाळी नव्यानं वाटत आलं.

म्हस्कू मूळचा शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचा. बाप दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. म्हस्कूला मेंढरांपेक्षा डिझेल इंजिनांचा स्वभाव चांगला कळायचा. नदीकाठचे पंप खोलत खोलत तो दौंड तालुक्यात आला, आणि आप्पांच्या विहिरीवरच्या इंजिनाची टोपी काढून बसलेला असताना आप्पांनी ट्रकमधून विमान उतरवलं. बंद पडलेल्या कुठल्याशा फ्लाइंग क्लबच्या लिलावातलं. साठच्या दशकातलं, दोन माणसांचं, कापडी पंखांचं.

"इंजिन एकच हाय न्हवं?" म्हस्कूनं विचारलं.

"एकच."

"मग बघू."

तो अजून बघतोय.

आप्पांनी पुढं त्या विमानात बरेच बदल केले. जुनं इंजिन काढून थोरलं बसवलं, मुरमाच्या धावपट्टीवर टिकतील अशी जाड चाकं घातली, ब्रेक बदलले, रेडिओ आला. ट्रॅक्टरला असले बदल आधी करतात आणि कळवायचं राहून जातं. विमानाला आधी कागद, मग पाना. एकेका बोल्टाला जन्मदाखला लागतो, ही गोष्ट म्हस्कूला फार भावली. त्याचा स्वतःचा दाखला नव्हता. शाळेत मास्तरांनी एक जून लिहून टाकला होता.

एक गोष्ट मात्र आप्पांनी बदलली नाही. स्टार्टर. तो मुळातच नव्हता, आणि बसवला तर वजन वाढतं म्हणून बसवलाही नाही. आप्पा आत बसणार, चाकांखाली दगड, आणि म्हस्कू पुढं उभा राहून लाकडी पंखा हातानं ओढून सोडणार. जुन्या इंजिनाला हँडल मारतात तसा हा पंखा मारायचा, फक्त चुकलं तर हात जातो. इंजिन सुरू झालं की दगड ओढायचे आणि बाजूला व्हायचं. त्यामुळं झालं असं, की त्या विमानात दोन सरपंच बसून आले, एक नवरदेव बसला, जनावरांचे डॉक्टर दोनदा बसले, आणि म्हस्कूची बायको बानूबाईसुद्धा बसली. म्हस्कू कधीच बसला नाही. बसला तर पंखा कोण मारणार? हा प्रश्न इतका सरळ होता, की तो कुणी विचारलाही नाही.

बानूबाई खाली उतरली ती एवढंच म्हणाली, "आपल्या घराचा पत्रा गंजलाय. मागच्या कोपऱ्याला." म्हस्कूनं शिडी लावून पाहिलं. गंजला होता.

आप्पांचा मुलगा विक्रम याचं यवतला हायवेवर हॉटेल आहे. शेजारच्या ढाब्यानं छपरावर जुन्या एसटीची केबिन ठेवल्यापासून विक्रमला झोप नाही. त्यानं आपल्या छपरावर लोखंडी सांगाडा वेल्डिंग करून घेतला, विमानाच्या मापाचा. आप्पा बहात्तरीला आलेले. बापलेकांत ठरलं ते असं: दरवर्षीच्या तपासणीचा कागद यंदा वेळेत झाला तर विमान आप्पांचं, नाही झाला तर छपराचं. मुदत महिनाअखेर. विक्रमनं सोमवारची क्रेन सांगून ठेवली.

"मामा, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हस्कूला म्हणाला. "तुम्ही तिथं पण या. धुवायला माणूस लागलंच."

म्हस्कूनं मान हलवली. त्या रात्री तो जेवला नाही. बानूबाईनं एकदा विचारलं आणि ताट झाकून ठेवलं.

मुदत जवळ येत होती, तोवर खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारं, यंत्रं पुजायची. म्हस्कू दरवर्षी विमान धुऊन झेंडूचा हार घालायचा, नारळ दगडावर फोडायचा (विमानावर नाही, हे पहिल्या वर्षी ठरलं) आणि केळ्यात उदबत्त्या खोवायचा. यंदा केळं नव्हतं. फोनवर बोलत बोलत विक्रमनं ते सोलून खाल्लं होतं. म्हस्कूच्या हातात तीन पेटत्या उदबत्त्या. समोर डाव्या पंखाखाली, डोक्याच्या उंचीला, पुढं तोंड करून असलेली बोटभर नळी. हात आपोआप गेला.

ही नळी म्हणजे विमानाचं नाक. समोरून वारा आत शिरतो, त्याच्या दाबावर आतला काटा वेग दाखवतो. कुंभारमाशी तिच्यात चिखलाचं घर करते म्हणून म्हस्कूनंच तिला लोकरीची तांबडी टोपी शिवली होती, आणि एकतीस वर्षांत एकाही माशीला आत जाऊ दिलं नव्हतं. संध्याकाळी बानूबाईशी बोलत त्यानं उरलेल्या काड्या उपसल्या, टोपी चढवली आणि तो घरी गेला.

तपासणीला पुण्याहून अनुपमा मॅडम आल्या. सहीचा अधिकार त्यांचा. म्हस्कूकडं लायसन नव्हतं. त्याच्या कामाला काम म्हणायचं की नाही, हे सही करणारा ठरवतो. आधीचे साहेब चहा घेऊन सही करत. मॅडमनी चहा घेतला नाही. तीन दिवसांत अकरा चुका काढल्या, अकराही म्हस्कूकडून दुरुस्त करून घेतल्या, आणि शनिवारी म्हणाल्या, "आता पळवून बघू. उडायचं नाही."

म्हस्कूनं पंखा मारला. आप्पा आणि मॅडम धावपट्टीच्या टोकापर्यंत भरधाव गेले, वेगानं विमानाचं शेपूट वर उठलं, आणि ते परत आले. इंजिन बंद झालं.

"काटा हलत नाही," मॅडम म्हणाल्या. "शून्य."

विक्रम बघायला आलाच होता. "कंप्रेसर आणू का? हवा मारली की क्लिअर."

"अजिबात नाही. मीटर फाटेल."

आप्पांनी नळीकडं पाहिलं. "कुंभारीण शिरली आसंल. लई वाईट जात."

"माशी दिसतेय," मॅडमनी वही काढली. "नळीला कुणी हात लावला होता का?"

म्हस्कू मनात मोजत होता. खोवल्या तीन. संध्याकाळी हातात होत्या... दोन. तुळशीपाशी टाकताना दोनच होत्या. सगळे माशीवर खूश होते. माशीला ना अब्रू ना लायसन. गप्प बसलं की झालं. आणि बोललं तर ही बाई म्हणणार, असल्या माणसाच्या हाताखालचं विमान मी पास करू? सोमवारी क्रेन.

"माशी न्हाई मॅडम," तो म्हणाला. "मी हाय."

"म्हणजे?"

"उदबत्ती. खंडेनवमीची. तीन खोवल्या, दोन काढल्या."

विक्रम हसायला लागला. आप्पांनी डोळे मिटले. "आरं, केळं कुठं गेलं हुतं?"

"इक्रमनं खाल्लं."

विक्रमचं हसू थांबलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी म्हस्कूला आतल्या मीटरची नळी सोडवायला लावली, मग बारीक चिमटा घालून तीन बोटं लांबीची काडी ओढून काढली, आणि तिचा वास घेतला.

"मोगरा?"

"चंदन," म्हस्कू म्हणाला.

मॅडमनी वहीत तेही लिहिलं असावं. मीटर परत जोडल्यावर दाब तपासायला एक नळी हवी होती. म्हस्कूनं गवंड्याची लेव्हल बघायची पारदर्शक नळी आणली, पाणी भरून एक टोक पंखाखालच्या नळीला जोडलं आणि दुसरं हळूहळू वर उचललं. पाणी वर चढलं, काटाही चढला, आणि दोन्ही जागच्या जागी उभे राहिले. कुठं गळती नाही. मॅडम त्या नळीकडं बराच वेळ बघत राहिल्या. एवढी सोय त्यांच्या हँगरमध्ये नव्हती.

"आधीच्या साहेबांच्या वेळी काटा बंद पडला असता तर सांगितलं असतं?"

म्हस्कूनं विचार केला. "आदी काढली आसती काडी. मग सांगितलं आसतं."

"बरं." त्यांनी वही मिटली. "माशी म्हणाला असतात तर मी सही केली नसती. आता एक उड्डाण बाकी आहे. काट्याचे आकडे वाचायला आत एक माणूस लागतो. मी बसणार होते. तुम्ही बसा."

"मी बसलो तर पंखा..."

"मी मारते."

आप्पांनी शेजारचं दार उघडलं. "बस की. एकतीस वर्सं झाली, मी इचारलंच न्हाई का रं तुला?"

"न्हाई."

"इचारायला पायजेल हुतं."

मॅडमनी ओढणी कमरेला खोचली, पाय रोवले. पहिल्या झटक्याला इंजिन फुरफुरलं आणि गप्प झालं. "डावा पाय मागं!" म्हस्कू आतून ओरडला. दुसऱ्या झटक्याला धरलं. विक्रमनं दगड ओढले, दुसरं कुणी नव्हतंच.

"बोल," आप्पा म्हणाले.

"तीस," म्हस्कू म्हणाला. "चाळीस. पन्नास. आप्पा, जरा हलतोय... पंचावन्न. साठ." चाकांचा खडखडाट थांबला. "साठच. पासष्ट."

वीस मिनिटांनी ते उतरले. मॅडमनी आकडे जुळवले, विमानाच्या अंगाखाली एकदा वाकून पाहिलं आणि बॉनेटवर वही ठेवून सही केली. विक्रम बाजूला जाऊन क्रेनवाल्याला फोन करत होता.

बानूबाई बांधावर उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. "मग?" ती म्हणाली. "पत्रा दिसला का? नवा टाकल्याला?"

"न्हाई बघितला."

"आन् नदी? कवठ्याकडचा डोंगर?"

"काटा बघत हुतो."

बानूबाईनं कपाळाला हात लावला. म्हस्कू खिशातून तांबडी टोपी काढून नळीकडं गेला. चढवायच्या आधी त्यानं एक डोळा मिटला आणि दुसऱ्यानं बराच वेळ आत पाहिलं.