व्यंकटरावांचं खरं उपोषण

व्यंकटरावांनी चौदा उपोषणं केली आणि एकदाही उपाशी राहिले नाहीत. नवा जिल्हा झालाच पाहिजे म्हणून देगलूरला मांडव पडला की मधोमध हेच. मागच्या पडद्याआड भजी, भज्यांसोबत बाटली. दुष्काळात गावाला बारा दिवसांनी टँकर दिसायचा. पडद्याआडचं कधी आटलं नाही. वीस वर्षांत बाटलीनं यकृताचा दगड केला, पोटात पाणी धरलं. जिल्हा काही झाला नाही.

लातूरच्या डॉक्टरांनी डॉपलर सोनोग्राफी सांगितली. यकृताकडं जाणाऱ्या मोठ्या नसेत रक्त कसं आणि किती वेगानं वाहतं, ते त्यात दिसतं. सहा तास पोट रिकामं हवं. खाल्लं की वेग वाढतो, आकडा खोटा येतो. पुढचा इलाज त्यावरच ठरणार होता. बायकोनं, सिंधूनं, नीट ऐकलं. व्यंकटराव डॉक्टरांना नव्या जिल्ह्याचे फायदे सांगत होते.

ठरल्या दिवशी एस.टी. उदगीरला थांबली. लातुरात पाणी मिळायचं नाही म्हणून सिंधू बाटल्या भरायला उतरली. जिल्हा मागणी समितीचे संगप्पा हार घेऊन आलेच होते. ती परतली तेव्हा नेत्यांच्या मिशीला बेसन होतं.

"काही खाल्लंय?" लातूरला पोटाला जेल लावत डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई. उपाशी राहायची सवयच हाय आपल्याला."

चौदा मांडवांत सिंधू गप्प बसली होती.

"उदगीरला प्लेटभर भजी खाल्ल्यात, साहेब."

"नाक कापलंस गं माझं!"

"नाकाचं ऱ्हाऊ द्या. हितं नस मोजायलेत."

डॉक्टरांनी यंत्र बाजूला ठेवलं. "उद्या सकाळी या. उपाशी."

"उद्या जमत न्हाई. उद्या उपोषणाला बसायचंय."

"मग बसा की," सिंधू म्हणाली. "हितंच."

तिनं रात्री त्यांना दोन भाकरी दिल्या, दवाखान्याच्या बाकावर निजवलं आणि त्यांच्या चपला आपल्या पिशवीत घातल्या. अनवाणी पुढारी रस्त्यावर जात नाही, हे तिला ठाऊक होतं.

सकाळी यंत्राच्या पडद्यावर नस लालऐवजी निळी दिसली.

"रक्त उलटं फिरलंय," डॉक्टर म्हणाले. "काल भरल्या पोटी मोजलं असतं तर कदाचित लपलं असतं. अन्ननलिकेतल्या नसा फुगल्या असतील. फुटल्या तर जीव जाईल."

व्यंकटरावांनी एकच विचारलं, "आता खाऊ का?"

"नाही. दुपारी दुर्बीण घालून बघायचंय. उपाशीच राहा."

सिंधूनं बाहेर काढलेल्या चपला पुन्हा पिशवीत घातल्या.