शरयूने न केलेला फोन

सॅन डिएगोतली मराठी मंडळी शरयू सबनीसला ओळखत ती तिच्या नोकरीमुळे. ती हवामानाचे अंदाज करायची. नागपूरला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून ती अमेरिकेत शिकायला आली आणि शिक्षण संपल्यावर एका छोट्या खाजगी कंपनीत लागली. ॲव्होकाडोच्या बागा असलेले शेतकरी, मासेमारीच्या बोटींचे मालक आणि एक-दोन रेडिओ स्टेशनं हे कंपनीचे ग्राहक. काम डोकं खाणारं होतं. किनाऱ्यावर दुपारपर्यंत ढग हटायचे नाहीत, तासाभरावर डोंगरात पाइनची झाडं आणि थंडी, आणि डोंगर उतरलं की सरळ वाळवंट. एकाच दिवसाचे तीन वेगळे अंदाज लिहावे लागत.

तिथल्या मराठी मंडळातल्या पुरुषांना चेष्टेला विषय मिळाला होता. "वहिनी म्हणाल्या पाऊस नाही, चला, छत्र्या काढा!" शरयू हसायची, पण ते तिला लागायचं. ऑफिसातही ती एकटीच बाई. तिने काढलेला नकाशा दुसरं कुणीतरी पुन्हा तपासायचं. आपण चुकता कामा नये, हे तिच्या मनाने फार आधीच ठरवून टाकलं होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षीच्या पाडव्याला मंडळाच्या जेवणात कुणीतरी तिला उभं केलं. "वहिनी, वसंताचा अंदाज सांगा. नवीन वर्षाचं पंचांगवाचन समजा." तिने सांगितलं, अगदी ठसक्यात. किनाऱ्यावर ढगाळ, डोंगरात कोरडं, वाळवंटात उबदार. थंडी संपली, आता बर्फाचं नाव नको.

ते ऐकून एकनाथ आणि शोभा कर्णिकांनी बेत आखला. एकनाथची आई, सरलामावशी, साताऱ्याहून आली होती. वाळवंटातली रानफुलं मावशींना दाखवायची, शनिवारी सकाळी निघून संध्याकाळी परत. वाट डोंगरातूनच जाणार होती. शोभा आणि शरयू जिवलग मैत्रिणी, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी एकनाथचा फोन आला.

"वहिनी, नक्की ना? नाहीतर कॅन्सल करतो. आई सोबत आहे."

"डोळे झाकून जा हो, एकनाथराव."

शनिवारी शरयूची ड्यूटी होती. सकाळी तिने यंत्रातून आलेला ताजा नकाशा टेबलावर पसरला आणि कालच्या नकाशाशी ताडून पाहिला. समुद्रावर कमी दाबाचा एक भोवरा मुख्य वाऱ्यांपासून तुटून भरकटत होता. असले भोवरे वसंतात येतात आणि कुठे वळतील याचा नेम नसतो. कालपर्यंत तो दूर दक्षिणेला जाईल असं दिसत होतं. रात्रीतून तो किनाऱ्याकडे वळला होता. दुपारनंतर डोंगरात बर्फ पडणार, हे उघड होतं.

तिने काम चोख केलं. रेडिओला नवा अंदाज दिला. बागवाल्या शेतकऱ्यांना स्वतः फोन लावले. एक म्हातारा शेतकरी म्हणाला, काल तर तू वेगळंच सांगितलं होतंस. त्याला ती सहज म्हणाली, हो, अंदाज बदलला.

मग तिने कर्णिकांचा नंबर फिरवायला घेतला. ते अजून घरीच असणार होते. अर्धा नंबर फिरवून ती थांबली. एकनाथ हसेल, पुढच्या भेटीत सगळ्यांना सांगेल, "डोळे झाकून जा म्हणाल्या होत्या!" पाडव्याला आपण ज्या ठसक्यात बोललो तो ठसका तिला आठवला. रेडिओवर ऐकतील ते, तिने स्वतःला समजावलं. आणि भोवरा पुन्हा वळलाही असता. तिने रिसीव्हर खाली ठेवला.

कर्णिकांच्या गाडीत रेडिओ लागलाच नाही. मावशींसाठी नाट्यसंगीताची कॅसेट चालू होती. फुलं पाहून झाली, मावशी खूश झाल्या, आणि परतताना डोंगरातल्या ज्युलियन गावाच्या अलीकडच्या वळणांवर बर्फाने त्यांना गाठलं. एकनाथने आयुष्यात बर्फात गाडी चालवली नव्हती. गाडी घसरली आणि कडेच्या दरडीवर आदळली. पुढच्या दोघांचं खरचटण्यावर भागलं. मागे बसलेल्या मावशींच्या खुब्याचं हाड मोडलं. मदत येईपर्यंत त्या सुती लुगड्यात, अंगावर शोभाचा स्वेटर घेऊन, थंडीत कण्हत पडून होत्या.

ऑपरेशन झालं. मे महिन्यात साताऱ्याला मावशींच्या धाकट्या लेकीचं लग्न होतं. ते त्यांच्याशिवाय लागलं.

शरयू रोज मावशींकडे जायची. मऊ भात, मुगाचं वरण डब्यातून न्यायची, मावशींची वेणी घालून द्यायची. शोभा येईल-जाईल त्याला सांगायची, "सख्खी बहीण करणार नाही इतकं करते माझी शरयू." ते ऐकताना शरयूचे कान तापायचे. आपल्या अंदाजाला कुणी बोल लावत नव्हतं, उलट एकनाथच म्हणायचा, "तुमचा काय दोष वहिनी, आभाळ का कुणाच्या हातात असतं?" चेष्टासुद्धा कुणी केली नाही. ज्याला भिऊन ती गप्प बसली होती, ते झालंच नाही.

लग्नाच्या दिवशी मावशी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. शोभा बाहेर गेली होती. शरयूने डबा उघडला आणि तसाच बाजूला ठेवला.

"मावशी, मला सकाळीच कळलं होतं."

"काय गं?"

"बर्फ पडणार ते. तुम्ही निघायच्या आधी."

मावशींनी सावकाश मान वळवली. "मग फोन का नाही केलास?"

"लाज वाटली."

"कसली?"

"चुकले होते त्याची."

मावशींनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. म्हणाल्या, "आज तू घरी जा."

मावशींनी घरात कुणाला काही सांगितलं नाही, हे शरयूला दोन दिवसांनी शोभाच्या फोनवरून कळलं. "अगं, आली नाहीस? आईंना विचारलं मी, शरयू का येत नाही, तर गप्पच." त्या आवाजातली माया शरयूला सहन होईना. नवऱ्याला, विवेकला, तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आता कशाला उकरतेस? मावशी बोलत नाहीत तर राहू दे ना." पण ती कर्णिकांकडे गेली आणि दोघांसमोर उभी राहून सांगून मोकळी झाली. मोकळी म्हणजे फक्त बोलण्यापुरती.

एकनाथचा चेहरा पांढरा पडला. "गिऱ्हाइकांना फोन केलेत तुम्ही?"

"हो."

"सगळ्यांना?"

"हो."

"आणि आम्हाला नाही." तो उठून आत गेला. शोभा रडली नाही, ओरडली नाही. तिने स्वयंपाकघरातून शरयूचे धुतलेले डबे आणले, पिशवीत भरले आणि तिच्या हातात दिले.

साताऱ्याकडे पावसाळा लागायच्या सुमारास मावशी परत गेल्या, व्हीलचेअरमधून. निरोपाला शरयू गेली नाही. तिने विवेकबरोबर एक गरम शाल पाठवली. ती मावशींनी घेतली, एवढं विवेकने येऊन सांगितलं. त्या काही बोलल्या का, हे तिने विचारलं नाही.

नोकरी तिने सोडली नाही. पुढे अनेक वर्षं ती तेच काम करत राहिली, आणि अंदाज बदलला की ओळखीच्या प्रत्येकाला फोन करू लागली. ट्रिपला निघालेल्यांना, बार्बेक्यू ठरवलेल्यांना, कुणी विचारलेलं नसलं तरी. लोक कंटाळायचे. एक तरुण विद्यार्थी एकदा म्हणाला, "काकू, यू वरी टू मच." ती म्हणाली, "असू दे रे."

कर्णिकांचा नंबर तिला पाठ होता. त्या कुटुंबालाही ती फोन करायची. शोभा ऐकून घ्यायची, "बरं" म्हणायची, आणि फोन ठेवायची.